बदली होऊन कोल्हापूरला आलात? मग फिरायची सुरुवात अशी करा

आम्ही मूळचे अकोल्याचे, पण लग्नानंतरची अकरा वर्षं फरिदाबादला गेली. नवऱ्याचं काम कास्टिंगचं, शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली आणि मे २०२४ मध्ये ट्रकभर सामान, दोन पोरं, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असे सगळे कोल्हापुरात येऊन पडलो. ओळखीचं एक माणूस नाही. मराठी बोलता येतं म्हणून आपलंच गाव असं वाटलेलं, तेही पहिल्या आठ दिवसांत खोटं ठरलं, ते पुढं सांगते.

आल्या आल्या मी काय केलं, तर नेटवरून बघण्यासारख्या ठिकाणांची यादी काढून फ्रिजवर चिकटवली. दर रविवारी एक ठिकाण उरकायचं. दोन रविवार बरे गेले. मग जून संपता संपता दाजीपूरला गव्याचं जंगल बघायला म्हणून सकाळी सहाला निघालो, ऐंशी किलोमीटर पावसातनं गेलो आणि गेटवर कळलं की पावसाळ्यात जंगल बंद असतं. चौकीवरचा माणूस म्हणाला, "अवो आत्ता काय बघालायसा, दिवाळीनंतर या की." परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तेव्हा ती यादी फाडली आणि एक कळलं, की इथं महिना बघून फिरायचं असतं. जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि पश्चिमेचे आणि पूर्वेचे तालुके म्हणजे दोन वेगळे प्रदेश वाटतात. पश्चिमेला सह्याद्री, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, तिथं पाऊस नुसता कोसळतो, भात आणि जंगल. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले, सपाट काळी जमीन, जिकडं बघाल तिकडं ऊस. एकाच दिवशी गगनबावड्यात छत्री उलटी होते आणि शिरोळात लोक उन्हाचा चष्मा लावून फिरत असतात. त्यामुळे तुम्ही कुठल्या महिन्यात आलात ते आधी बघा, मग गाडी काढा. महिना कुठलाही असला तरी पहिले पंधरा दिवस मात्र गावातच घालवा.

पहिले पंधरा दिवस: गाडी घरी ठेवा

पेठांमधनं चाला. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर, गंगावेश. इथं पत्ता सांगताना गल्ली नंबर कमी आणि तालीम जास्त सांगतात, "अमक्या तालमीच्या मागं" हा पुरेसा पत्ता असतो. राजारामपुरी अपवाद, तिथं गल्ल्यांना नंबर आहेत त्यामुळे नव्या माणसाला तीच आधी समजते. टिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी वगैरे (पाटीवर तिकटी, बोलण्यात टिकटी, दोन्ही चालतं). सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि ते एकच स्टँड नाही, रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँड वेगळे आहेत, एसटी कुठल्या स्टँडवरनं सुटते ते विचारल्याशिवाय सामान घेऊन निघू नका. गावात फिरायला केएमटीची, म्हणजे महापालिकेची बस, आणि खेड्याकडं जायचं असेल तर वडाप. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बटाटावड्याचा काहीतरी प्रकार वाटला होता. वडाप म्हणजे शेअर जीप किंवा ट्रॅक्स, भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं त्याच्यानंतर अजून चार माणसं बसतात.

रंकाळ्यावर सकाळी सहा-साडेसहाला जा. संध्याकाळी चौपाटीवर भेळ, फुगे, गर्दी असते, पोरांना ती आवडते, पण तळं बघायचं तर सकाळी. आमच्या सासूबाईंच्या सगळ्या ओळखी रंकाळ्याच्या कट्ट्यावर झाल्या, मला दोन वर्षांत जमल्या नाहीत एवढ्या त्यांना दोन महिन्यांत.

अंबाबाईचं देऊळ: बाहेरचे लोक महालक्ष्मी म्हणतात, गावातले अंबाबाई. पहिल्यांदा जाताना शुक्रवार, सलग सुट्ट्या आणि नवरात्र टाळा, मधल्या वारी पहाटे जा, पाऊण तासात मोकळे व्हाल. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते तिथं उभं राहा, देवी लांबनं दिसते पण पाय वाचतात. किरणोत्सव बघायचाय तर तारखा पाठ करा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं सरळ आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग आले की संपलं. आम्ही गेलो त्या दिवशी किरणं कमरेशी येऊन विझली, आणि अख्खा मंडप एकदम "च्च" म्हणाला, तो आवाज अजून कानात आहे.

देवळातनं बाहेर आलं की भवानी मंडप आणि तिथंच चप्पल लाईन. घ्या चप्पल, पण जून ते सप्टेंबर घालू नका, कातडं भिजलं की गेलं. मी घातली. नवी चप्पल चावतेच, अंगठ्याच्या पट्ट्याला आतनं तेल लावून रात्रभर ठेवायची आणि पहिले चार दिवस घरातल्या घरात घालायची, हे दुकानदारानंच सांगितलं. करकर वाजणारी पाहिजे का बिनावाजाची हेही विचारतात, बिनधास्त वाजणारी घ्या.

पोरांना घेऊन न्यू पॅलेसला जा. मेजर मँट नावाच्या इंग्रज इंजिनियरचं डिझाइन, १८८४ मध्ये बांधून झालेला, खाली शाहू महाराजांचं म्युझियम आहे, आत फोटो काढू देत नाहीत. पण मला विचाराल तर त्याच्यापेक्षा टाऊन हॉलचं छोटं म्युझियम चुकवू नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या आसपास खोदकाम झालं त्यात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, एवढीशी ब्राँझची मूर्ती तिथली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हा देव समुद्र सोडून घाट चढून कोल्हापुरात काय करत होता, हा प्रश्न माझ्या मुलीनं विचारला आणि पुढचा आठवडाभर घरात तोच विषय होता.

खासबाग मैदान बघा, कुस्ती नसली तरी बघा, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळलं, आम्ही येऊन तीन महिनेच झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगचे वॉचमन मामा बोलताना रडत होते. मी त्या थिएटरात एकही नाटक बघितलं नव्हतं, उद्या जाऊ म्हणत राहिले होते.

भाषेचं काय करायचं

पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "मी जरा बाजारला जाऊन येतो, तुम्हाला काय आणू?" माझा सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. इथं बायका "मी आलो, मी गेलो, मी करतो" असं सर्रास बोलतात. आम्ही विदर्भातले "करून राहिलो" म्हणणारे, त्यामुळे हसायचा अधिकार आम्हाला नाही. "जेवलासा काय", "कुठं निघालासा", "बसा की", हे सगळं आदरार्थी आहे बरं का, सुरुवातीला मला वाटायचं हे लोक ओरडतायत. आवाजच मोठा आहे, राग नसतो. मोठ्या माणसाला मामा, काका, मावशी म्हणा, भाजीवालीला मावशी म्हटलं की कोथिंबीर जास्त येते, आणि "भावा" ही हाक पोरांनी पोरांना मारायची, तुम्ही पन्नाशीच्या रिक्षावाल्याला मारू नका. आता माझा मुलगा शाळेतनं येतो तो "लई भारी" आणि "नाद खुळा" करतच येतो, हिंदी पार गेलं.

खाण्याचं, थोडक्यात आणि मग थोडं लांब

कोल्हापूर म्हणजे जाळ तिखट ही बाहेरची समजूत. तांबडा रस्सा झणझणीत असतो, हो, पण पांढरा रस्सा पोरं वाटी वाटीनं पितात, आणि अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, लहान मुलांना तेच आधी देतात. खानावळीत बसल्यावर पोरांसाठी आधी अळणी आणि पांढरा मागा, काम झालं. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी. मिसळीबरोबर इथं लादीपाव येत नाही, ब्रेडचे जाड स्लाइस येतात, आणि वरनं कट, म्हणजे तिखट रस्सा, मागायचा, तर्री बिर्री म्हणालात की ओळखलं तुम्हाला. उद्यमनगरातली फडतरे मिसळ खायची असेल तर लवकर जा, उशिरा गेलात की संपलेली असते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. मला नाही जमलं, कोमट दूध घशाखाली जाईना, नवऱ्यानं दोन ग्लास मारले. बघायला तरी जाच.

आता चटणी. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाजीत घरची चटणी घाला, चव येत्या." मी विचारलं, कसली, खोबऱ्याची का शेंगदाण्याची? बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेला लाल मसाला, वर्षभराचा एकदम करतात, एप्रिल-मेमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत. मिरची उन्हात वाळवायची, देठं काढायची, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग धणे, तीळ, सुकं खोबरं, खडा मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, कांदा तळायचा, लसूण-आलं-कोथिंबीर, आणि डबे घेऊन कांडपावर, म्हणजे मसाला कुटून देतात तिथं, रांगेत बसायचं. गल्लीत एका घरात मिरची भाजायला घेतली की दहा घरं शिंकतात. दुसऱ्या वर्षी मी त्या बाईंबरोबर गेले, तीन तास रांगेत बसले आणि त्या तीन तासांत या गावातल्या चांगल्या डॉक्टरापासून शिकवणीच्या बाईंपर्यंत सगळी माहिती मिळाली जी मला वर्षभर मिळत नव्हती. मे महिन्यात आलात तर हे आधी करा, किल्ले कुठं जात नाहीत.

गावाबाहेर पहिली फेरी: पन्हाळा आणि जोतिबा

वीसेक किलोमीटरवर पन्हाळा. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रोडला लागायचं, केर्लीपाशी जोतिबाचा फाटा फुटतो, सरळ गेलं की वाघबीळवरनं पन्हाळा. दोन्ही एका दिवसात होतात पण रविवार नको, रविवार जोतिबाचा वार, गुलालानं गाडीच्या सीटा गुलाबी होऊन येतात. चैत्र यात्रेला तर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, बघायच्या असतील तरच जा, गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवून. देवळाकडं पायऱ्या उतरून जायचं असतं, गुडघेवाल्यांना आधी सांगा.

पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते आणि वर चक्क गाव आहे, त्यामुळे सासूबाईही खूश. आधी अंधारबाव, म्हणजे वरनं कळतही नाही अशी मजल्यांची विहीर, मग तीन दरवाजा, अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं, गंगा यमुना सरस्वती अशी तीन नावं, आत गेलं की एवढं गार आणि एवढा आवाज घुमतो की पोरं बाहेर यायला तयार नसतात. सज्जाकोठीवरनं खालचा सगळा मुलूख दिसतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं शिवाजी महाराज जुलैच्या पावसाळी रात्री इथनं निसटले आणि विशाळगडाकडं गेले, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण जुलैमध्ये एकदा राजदिंडीपाशी, म्हणजे ते निसटले त्या वाटेपाशी, धुक्यात उभं राहा, हातभरावरचा माणूस दिसत नाही, मग त्या रात्रीची गोष्ट पोरांना वेगळी सांगावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढल्यासारखी वाटते. झुणका भाकर वरच खा. पावसाळा सरता सरता गेलात तर जवळच्या मसाई पठारावर फुलं असतात, तिकडं वाकडी वाट करा.

पूर्वेला: थंडीत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नृसिंहवाडी, म्हणजे आपली नरसोबाची वाडी, पन्नासेक किलोमीटर, कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि परत निघताना बाजारातनं कृष्णाकाठची वांगी. बहुतेक लोक इथनंच मागं फिरतात आणि चुकतात. अजून वीसेक किलोमीटर कुरुंदवाडवरनं पुढं जा, खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं. बाहेरनं बघून वाटतं चला एक जुनं देऊळ, आणि पहिल्या मंडपात पाऊल टाकलं की वर छतच नाही, गोल मोकळं आकाश, खाली त्याच मापाची गोल शिळा, भोवती खांब, या मंडपाला स्वर्गमंडप म्हणतात. महादेवाचं देऊळ असून नंदी नाही, नंदी आहे कर्नाटकात यडूरला. गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर, दुसरा त्याला शांत करायला आलेला धोपेश्वर म्हणजे विष्णू. भिंतीखालचे हत्ती मोजायचं काम पोरांना द्या, आपल्याला अर्धा तास शांत मिळतो. दुपारी बाराच्या सुमाराला पोचलात तर त्या गोलातनं ऊन आत मंडपात पडतं. खायला फार काही मिळत नाही, डबा न्या. आणि पावसाळ्यात नदी चढली की तिकडचे रस्ते-पूल पाण्याखाली जातात, निघण्याआधी फोन करून विचारायचं.

पश्चिमेला: महिना बघून

मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या तोंडावर, राधानगरीकडं काजवे. झाडंच्या झाडं एकदम लागतात आणि विझतात. टॉर्च, फ्लॅश नको, पोरांना आधी दम देऊन न्या. जुलै-ऑगस्टमध्ये राऊतवाडीचा धबधबा, गगनबावडा, पण बावड्यातनं खाली करूळ घाटानं कोकणात उतरायचं असेल तर घाट चालू आहे का हे विचारून मगच. आणि दिवाळीनंतर दाजीपूर. आम्ही शेवटी डिसेंबरात गेलो, गवा दिसला, पाठमोरा, पाच सेकंद. मुलगा अजून सांगत फिरतो की त्यानं बघितलं आणि बाबा मोबाइलमध्ये होते.

पुराचं गणित

हे फिरण्यात येत नाही असं वाटेल, पण जुलैमध्ये कुठं जायचं आणि मुख्य म्हणजे परत येता येईल का हे यावरच ठरतं. इथं पावसाळ्यात लोक "राजाराम किती?" असं विचारतात. राजाराम म्हणजे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, तिथली पाण्याची पातळी फुटात मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. दुसरा प्रश्न, "राधानगरीचे दरवाजे किती उघडले?" त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतनं पंचगंगेत येतं, पोचायला काही तास लागतात. २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद पडला होता, गावाला वेढा. आम्ही आलो त्याच वर्षी जुलैत पाणी धोक्याच्या वर गेलं, नवरा दोन दिवस एमआयडीसीतच अडकला. तर नियम सोपा आहे, राजाराम पस्तिशीच्या पुढं गेला की लांबचा प्लॅन रद्द, दूध-भाजी-गॅस बघून ठेवा, भाड्यानं घर घेतानाही "इथं २०१९ ला पाणी आलं होतं का" हा प्रश्न घरमालकाला नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारा.

आणि हो, डिसेंबर-जानेवारीत एक गुऱ्हाळ

गुऱ्हाळ म्हणजे उसाचा गूळ करतात ती जागा. तिकीट नाही, बोर्ड नाही. गावाबाहेर कुठल्याही रस्त्याला उसाच्या रानात पांढरा धूर आणि गोड वास आला की गाडी थांबवा आणि विचारा, "बघायला येऊ का?" आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलं नाही. चुलवाणात चिपाडं टाकत असतात, वर भली मोठी काहील, रस उकळत असतो, मळी वर येते ती काढतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, नुसता बुडबुड्यांकडं बघत उभा असतो, मधेच थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघतो, आणि एका क्षणी ओरडतो, मग चार माणसं पळत येऊन काहील ओततात. तो क्षण चुकला तर गूळ काळा पडतो म्हणे. पोरांना काहिलीपासून लांब धरा, हे थट्टेत घेऊ नका. ताजा गरम गूळ पानावर देतात, जीभ भाजते तरी खाल्ला जातो. काकवी, म्हणजे पातळ गूळ, विकत घ्यायची असेल तर घरनं घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा न्या. आम्ही प्लास्टिकच्या बाटलीत घेतली, गरम होती, बाटली वाकली, डिकीत सांडली, आणि मार्चपर्यंत आमच्या गाडीत मुंग्या होत्या.